वेटोळे सोडलेले अमोनाइट

मराठी घरांतील देवघरात ज्या शाळिग्रामाची पूजा होते, तो काळा गुळगुळीत दगड नेपाळमधील काली गंडकी नदीच्या पात्रातून येतो, आणि त्याच्यावर दिसणारे जे चक्र विष्णूचे चिन्ह मानले जाते, ते बहुधा सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी समुद्रात राहणाऱ्या अमोनाइट नावाच्या प्राण्याच्या कवचाचे किंवा त्या कवचाच्या ठशाचे असते. हिमालय उभा राहण्यापूर्वी त्या जागी टेथिस नावाचा समुद्र पसरला होता, त्याच्या तळाच्या चिखलात ही कवचे पुरली गेली, आणि पुढे तो चिखल दगड होऊन पर्वताबरोबर वर उचलला गेला. शाळिग्रामातील चक्र पाहिलेल्या कोणालाही अमोनाइटाचे कवच ओळखता येते, कारण त्याचे सर्व वेढे एकाच पातळीत, एकमेकांना चिकटून आणि आतून बाहेर क्रमाने रुंदावत गेलेले असतात.

परंतु जपानमधील होक्काइडो बेटावरच्या नद्यांच्या पात्रांत जे कठीण दगडी गोळे सापडतात, त्यांपैकी काही फोडल्यावर आत दोऱ्याचा गुंता पडावा तशी एक नळी दिसते, जी कधी उजवीकडे, कधी डावीकडे वळून स्वतःभोवतीच घुटमळत राहिलेली असते. हाही अमोनाइटच आहे. अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यातील चिखलदगडात याच गटातील प्राण्यांची सरळ काठीसारखी कवचे विपुल मिळतात, तर अंटार्क्टिकाजवळच्या सेमूर बेटावर लांब सरळ भुजा आणि त्यांना जोडणारी अरुंद वळणे असलेली, मीटरभराहून मोठी कवचे मिळाली आहेत. अशा वेटोळे सोडलेल्या कवचांच्या प्राण्यांना शास्त्रज्ञ 'हेटेरोमॉर्फ' म्हणजे विषमरूपी अमोनाइट म्हणतात. ज्या प्राण्यांच्या पूर्वजांनी कोट्यवधी वर्षे नेटके वेटोळे टिकवले, त्यांनी ते का आणि कसे सोडले, हा प्रश्न जीवाश्मशास्त्राला दीडशे वर्षांहून अधिक काळ छळत आला आहे.

कप्प्यांचे कवच

अमोनाइट दिसायला शंखातील गोगलगाईसारखे असले तरी त्यांचे जवळचे नातलग म्हणजे कोकणच्या मासळीबाजारात मिळणारे माकूल आणि ऑक्टोपस. हे सर्व प्राणी मृदुकाय प्राण्यांच्या 'शीर्षपाद' वर्गात मोडतात, म्हणजे त्यांचे बाहू थेट डोक्यापासून निघतात. अमोनाइटांचा उगम ४० कोटी वर्षांहूनही आधी, डेव्होनियन कालखंडात झाला, आणि लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की त्यांचे त्या वेळचे पूर्वज सरळ कवचाचे होते. वेटोळे ही नंतरची कमाई आहे.

कवचाची आतली रचना पुढच्या सर्व चर्चेचा पाया आहे. प्राणी कवचाच्या तोंडाकडच्या शेवटच्या मोठ्या कप्प्यात राहत असे, ज्याला 'देहकक्ष' म्हणतात. वाढता वाढता तो पुढे सरके आणि मागे रिकाम्या झालेल्या जागेत एक आडवा पडदा बांधून ती बंद करी, त्यामुळे कवचाच्या जुन्या भागात कप्प्यांची लांबलचक रांग तयार होई. या सर्व कप्प्यांतून जिवंत ऊतीची एक बारीक नलिका गेलेली असे. नव्या कप्प्यात सुरुवातीला पाणी असे. नलिकेच्या पेशी त्यातील क्षार शोषून घेत, क्षारांच्या मागोमाग पाणीही रक्तात खेचले जाई आणि मोकळ्या झालेल्या जागेत वायू पसरे. वायूमुळे कवच हलके होई, देहामुळे जड होई, आणि या दोहोंचा मेळ बसला की प्राणी ना बुडता ना वर येता पाण्यात अधांतरी राहू शके. आजच्या समुद्रात नॉटिलस हा दूरचा नातलग हेच तंत्र वापरतो, आणि अमोनाइटांविषयीचे बरेचसे अनुमान त्याच्या निरीक्षणावर आधारलेले आहे.

वळण येते कोठून

कवच हाडासारखे आतून वाढत नाही. कवचाच्या तोंडाशी असलेल्या मऊ त्वचेची, म्हणजे प्रावाराची, कडा चुनखडीयुक्त द्रव्य स्रवते आणि कवचाच्या ओठावर नवा पट्टा चढतो. एकदा चढलेला पट्टा पुन्हा बदलता येत नाही. चकली करताना सोऱ्यातून पीठ सरळच बाहेर पडत असते आणि तिला वेढा देतो तो हात. कवचाला असा बाहेरचा हात नसल्यामुळे वळण देण्याचे काम ओठावरच्या वाढीतील असमानतेला करावे लागते. ओठाच्या सर्व बाजूंना सारखीच भर पडली तर सरळ शंकू तयार होतो. एका बाजूला जास्त आणि समोरच्या बाजूला कमी भर पडत राहिली, तर नळी कमी भरीच्या बाजूला वाकते आणि एका पातळीतील वेटोळे तयार होते. या वाकण्याच्या जोडीला ओठ दर पट्ट्यागणिक किंचित फिरत गेला, तर नळीला पीळ पडतो, ती पातळी सोडते आणि मळसूत्रासारखा मनोरा तयार होतो.

याचा अर्थ असा की कवचाचा कितीही विचित्र आकार तीन राशींत मांडता येतो: नळी किती वेगाने रुंदावते, किती वाकते आणि तिला किती पीळ पडतो. शाळिग्रामातील अमोनाइटात पीळ जवळजवळ शून्य असतो, आणि वाकणे व रुंदावणे यांचे परस्परांशी प्रमाण जन्मभर जवळपास तेच राहते, म्हणून वेढ्यावर वेढा बिनचूक बसतो. वाकण्याचे प्रमाण थोडेसे कमी झाले की वेढे एकमेकांपासून सुटतात आणि मध्ये फट राहते. विषमरूपी अमोनाइटांची खरी खोड त्यापुढची आहे: त्यांच्यात या राशी आयुष्याच्या टप्प्याटप्प्याने बदलतात, म्हणजे काही काळ वाकणे, मग अचानक सरळ जाणे, मग पुन्हा झटकन वळणे. सरळ काठीसारख्या बॅक्युलाइटिसच्या अगदी टोकाशी, क्वचितच शाबूत सापडणारे, सुमारे एक मिलिमीटरचे इवलेसे वेटोळे असते. अंड्यातून पिल्लू बाहेर पडे ते याच वेटोळ्यासह, आणि त्यानंतरच वाढ सरळ दिशेला लागे.

तीन वेळा घडलेली गोष्ट

वेटोळे सुटण्याचा प्रकार अमोनाइटांच्या इतिहासात एकदाच घडलेला नाही. ट्रायासिक कालखंडाच्या अखेरीस, सुमारे २१ कोटी वर्षांपूर्वी, काही सरळ आणि काही मनोऱ्यासारखे वंश दिसतात. मध्य ज्युरासिकमध्ये स्पायरोसेरास हा सुट्या वेढ्यांचा वंश युरोपात अल्पकाळ येऊन जातो. हे दोन्ही प्रसंग लहान होते. तिसरा प्रसंग ज्युरासिकच्या शेवटी सुरू झाला तो क्रेटेशियस कालखंड संपेपर्यंत, म्हणजे आठ कोटींच्या आसपास वर्षे चालला, आणि लेखाच्या आरंभी आलेली सर्व विषमरूपी कवचे याच काळातील आहेत.

या तिसऱ्या प्रसंगातील तऱ्हा पाहिल्या तर निसर्गाने भूमितीची सगळी प्रकरणे सोडवून पाहिली असे वाटते. क्रायोसेराटाइटिसचे वेटोळे एकाच पातळीत राहते, पण वेढे एकमेकांना शिवत नाहीत. फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात मिळणाऱ्या अँसिलोसेरासमध्ये आधी सुटे वेटोळे, मग सरळ दांडा आणि शेवटी आकड्यासारखे वळण असते, ज्यामुळे प्रौढ प्राण्याचे तोंड पुन्हा वर वळते. स्कॅफाइटिसमध्ये हाच क्रम आखूड होऊन कवच आटोपशीर नावेसारखे दिसते. ट्युरिलाइटिस थेट मनोऱ्यासारखा असतो. त्याचा तुटका तुकडा गोगलगाईचा समजला जाणे सहज शक्य आहे, फक्त आतले पडदे आणि त्यांच्या कडांची नक्षीदार शिवण त्याचे कूळ उघड करते. डिडिमोसेरास सैल मळसूत्रापासून सुरुवात करून शेवटी खाली लोंबणारा मोठा आकडा तयार करतो. सेमूर बेटावरचे ते भुजा-वळणांचे कवच डिप्लोमोसेरास या वंशाचे आहे.

निप्पोनाइटिसची शिस्त

या सर्वांत अधिक चर्चा झाली ती होक्काइडोच्या गुंत्याची. जपानी भूशास्त्रज्ञ हिसाकात्सु याबे यांनी १९०४ साली या कवचाचे वर्णन करून त्याला 'निप्पोनाइटिस मिराबिलिस' हे नाव दिले. वर्णन एकाच नमुन्यावर आधारलेले होते, त्यामुळे हा एखाद्या रोगट प्राण्याचा व्यंग असलेला नमुना असावा अशी शंका घेतली जाणे स्वाभाविक होते. पण पुढे तसेच, त्याच क्रमाने वळणारे आणखी नमुने सापडत गेले आणि शंकेला जागा उरली नाही. व्यंग दर वेळी एकाच साच्यात होत नाही. आज निप्पोनाइटिस हे जपानच्या पुराजीवशास्त्र संस्थेचे बोधचिन्ह आहे आणि याबे यांच्या वर्णनाच्या तारखेला, १५ ऑक्टोबरला, तेथे 'जीवाश्म दिन' पाळला जातो.

निप्पोनाइटिसचे कवच नीट पाहिले तर गुंत्यात एक लय दिसते. सुरुवातीचे काही वेढे सुटे पण बऱ्याच अंशी सरळमार्गी असतात. त्यानंतर नळी त्यांच्याभोवती एकदा उजव्या पिळाने, मग थोडी सपाट आणि मग डाव्या पिळाने जात इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वळणे घेत राहते. १९८०च्या दशकात ताकाशी ओकामोतो यांनी ही लय संगणकावर उभी केली. नळीच्या वाढीसाठी त्यांनी वर सांगितलेल्या तीन राशीच घेतल्या, आणि त्यांना एक अट जोडली. प्राणी पाण्यात तरंगत असल्यामुळे कवच वाढले की त्याचा तोल बदलतो, तोल बदलला की सगळे कवच पाण्यात किंचित कलते, आणि त्यामुळे तोंडाची दिशाही बदलते. तोंड फार वर वळू लागले किंवा फार खाली झुकू लागले, की प्राण्याने पिळाची दिशा बदलून ते पुन्हा सोयीच्या कोनात आणायचे, एवढीच ती अट. ही अट पाळणारी नळी संगणकाच्या पडद्यावर वाढू दिली तेव्हा निप्पोनाइटिससारखा गुंता आपोआप तयार झाला.

ओकामोतो यांच्या कामातील दुसरा निष्कर्ष अधिक दूरगामी आहे. निप्पोनाइटिसचा पूर्वज मानला जाणारा युबॉस्ट्रिकोसेरास हा साध्या मळसूत्राचा प्राणी आहे, आणि दोघांचे आकार इतके भिन्न आहेत की मधल्या पायऱ्या शोधाव्यात असे कोणालाही वाटावे. मात्र त्या प्रतिकृतीत नियमातील एखादी संख्या थोडीशी बदलताच कवच मळसूत्राच्या मार्गावरून एकदम नागमोडी मार्गावर उडी घेते. मधले आकार निघतच नाहीत. म्हणजे दगडात दिसणारी मोठी उडी ही वाढीच्या नियमातील अगदी लहान बदलाचा परिणाम असू शकते, आणि मधल्या पायऱ्यांचे जीवाश्म न सापडणे ही नेहमीच पुराव्यातील त्रुटी असते असे नाही.

पिळाच्या मुळाशी प्राण्याला 'ठरवावे' लागते की काय, या प्रश्नाला २०२१ साली आणखी एक उत्तर मिळाले. रेजिस शिरा, अलेन गोरिएली आणि डेरेक मोल्टन यांनी असे गणित मांडले की मऊ देह आणि त्याच्याभोवतीची नळी यांच्या वाढीचा वेग जुळला नाही, तर देह कवचात दाटीवाटीने अडकतो आणि ताण हलका करण्यासाठी पिळला जातो. पिळलेला देह ओठावर पिळलेला पट्टाच चढवतो आणि कवच पातळी सोडते. या मांडणीतून साध्या गोगलगाईच्या शंखाचे मळसूत्र आणि निप्पोनाइटिसची वळणे ही एकाच यांत्रिक कारणाची रूपे ठरतात. दोन्ही स्पष्टीकरणे परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही, कारण एक पीळ कोठून येतो ते सांगते आणि दुसरे त्याची दिशा कधी पालटते ते.

पाण्यातील तोल

अशा कवचांचे प्राणी पोहत तरी कसे होते, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याचे उत्तर दोन बिंदूंत आहे: ज्या बिंदूतून सगळे वजन खाली ओढते तो गुरुत्वमध्य, आणि ज्या बिंदूतून पाणी वर ढकलते तो उत्प्लावनमध्य. हे दोन बिंदू एकमेकांपासून जितके दूर, तितका प्राणी आपल्या स्थितीत पक्का राहतो आणि तितकाच त्याला वळणे अवघड जाते. घट्ट वेटोळ्यात वायूचे कप्पे आणि देह एकमेकांना लगटून असल्याने हे अंतर कमी भरते. बॅक्युलाइटिसमध्ये मात्र वायू एका टोकाला आणि देह दुसऱ्या टोकाला. त्यामुळे जुन्या चित्रांत बाणासारखा आडवा पोहताना दाखवलेला हा प्राणी, जो मोठ्या जातींत दोन मीटरपर्यंत लांब असे, गणिताप्रमाणे डोके खाली करून उभाच लटकत असला पाहिजे. वर-खाली जाणे त्याला सोपे होते, आडवे धावणे नव्हते.

निप्पोनाइटिसच्या कवचाची त्रिमितीय प्रतिकृती करून डेव्हिड पीटरमन आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी २०२० साली तोलाचा हिशोब केला. तो प्राणी पाण्यात अधांतरी राहू शकत होता, आयुष्याचा बराचसा काळ त्याचे तोंड साधारण आडव्या दिशेला राही आणि उभ्या अक्षाभोवती स्वतः गिरकी घेणे त्याला सहज जमे, असे त्यातून दिसते. ज्याला भक्ष्याचा पाठलाग करायचा नाही, एका जागी फिरत आसपासच्या पाण्यातले बारीक जीव टिपायचे आहेत, त्याला ही ठेवण सोयीची होती.

भक्ष्याविषयीचा पुरावा बॅक्युलाइटिसकडून मिळाला आहे. साउथ डकोटातील नमुन्यांचे फ्रान्समधील ग्रनोबल येथील सिंक्रोट्रॉन यंत्रावर अतिशय प्रखर क्ष-किरणांनी चित्रण केले असता जबडे आणि कानशीसारखी दातेरी जीभ दिसली, आणि एका नमुन्याच्या तोंडात बारीक कवचधारी प्राणी व गोगलगाईंची पिल्ले यांचे तुकडे अडकलेले आढळले. इसाबेल क्रुटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मृत्यूच्या वेळी तोंडात घास राहिलेला हा प्राणी प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, खात होता. त्या काळी साउथ डकोटावर पसरलेल्या अंतर्गत समुद्राच्या तळातून मिथेन वायू पाझरत असलेल्या जागांभोवतीही बॅक्युलाइटिस आणि स्कॅफाइटिसांसारखे अमोनाइट राहत असल्याचे कवचातील कार्बनच्या प्रकारांवरून समजते. म्हणजे सगळेच दूरवर भटकणारे नव्हते.

> चौकट : भारतातील विषमरूपी अमोनाइट
>
> सह्याद्रीत अमोनाइट शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, कारण महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्वालामुखीच्या लाव्हाने बनलेला आहे आणि सागरी चिखलाचे थर तेथे नाहीत. कच्छमध्ये ज्युरासिक काळातील वेटोळेदार अमोनाइट भरपूर आहेत. विषमरूपींसाठी मात्र तमिळनाडू आणि पुदुच्चेरीच्या क्रेटेशियस खडकांकडे जावे लागते. पुदुच्चेरीजवळच्या नमुन्यांवरून एडवर्ड फोर्ब्स यांनी १८४६ साली एका सरळ कवचाच्या जातीचे वर्णन केले; ती आता 'युबॅक्युलाइटिस व्हजायना' या नावाने ओळखली जाते. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील फर्डिनांड स्टोलिक्झ्का यांनी १८६०च्या दशकात दक्षिण भारतातील शीर्षपादांवर सविस्तर ग्रंथ लिहिला. तिरुचिरापल्लीच्या उत्तरेला कारै गावाच्या परिसरातील उघड्या मातकट टेकाडांत ट्युरिलाइटिसचे मनोरे मिळतात.

म्हातारपणाचा आरोप

यंत्रणा समजण्यापूर्वी या कवचांकडे पाहण्याची दृष्टी फारच वेगळी होती. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेचे अल्फियस हायट यांनी असे मांडले की व्यक्तीप्रमाणे वंशालाही बालपण, तारुण्य आणि म्हातारपण असते, आणि सुटलेली वेटोळी हे अमोनाइटांच्या म्हातारपणाचे लक्षण होय. विसाव्या शतकात जर्मनीचे ओटो शिंडेवोल्फ यांनी हीच कल्पना नव्या परिभाषेत मांडली: वंश आधी झपाट्याने उमलतो, मग स्थिरावतो आणि शेवटी त्याचा मूळ आकारच विस्कटू लागतो. विषमरूपी अमोनाइट हे त्या अखेरच्या अवस्थेचे ठळक उदाहरण म्हणून पाठ्यपुस्तकांत आले. विचित्र म्हणजे विकृत, हा निष्कर्ष शास्त्रापेक्षा रुचीतून आलेला होता असे म्हणावे लागेल.

यॉस्ट वीडमान यांनी १९६९ साली या मताची सविस्तर तपासणी केली तेव्हा ते टिकले नाही. ऱ्हास एकाच दिशेने जातो, पण क्रेटेशियसमध्ये सुट्या वेढ्यांच्या पूर्वजांपासून पुन्हा घट्ट वेटोळ्याचे वंश निर्माण झालेले दिसतात. डूविलेइसेरासचे कूळ हे त्याचे उदाहरण. जो आकार विस्कटला म्हणून वंश संपणार असे भाकीत होते, तो आकार परत बांधता येत होता. शिवाय बॅक्युलाइटिस जगभरच्या समुद्रांत इतके पसरलेले होते आणि त्यांच्या जाती इतक्या वेगाने बदलत गेल्या, की उत्तर अमेरिकेतील क्रेटेशियस खडकांचे थर ओळखण्यासाठी भूशास्त्रज्ञ आजही त्यांचाच आधार घेतात. मरणपंथाला लागलेल्या गटाचे हे लक्षण नव्हे.

शेवटचे अमोनाइट

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या युकातान भागात लघुग्रह आदळला. त्याच सुमारास दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर साचत होते. या महासंहारात अमोनाइट संपले आणि नॉटिलसचे पूर्वज तगले. लघुग्रहाचा आणि दख्खनच्या उद्रेकांचा वाटा किती किती, याविषयी मतभेद असले तरी या दोन गटांच्या नशिबातील फरकाचे एक कारण पिल्लांच्या आकारात शोधले जाते. अमोनाइटाचे पिल्लू मिलिमीटरभराचे असे आणि पृष्ठभागाजवळच्या प्लवकात वाढे, म्हणून प्लवकाची साखळी तुटताच त्याची उपासमार झाली असावी. आजच्या नॉटिलसचे पिल्लू मात्र भरपूर बलक असलेल्या मोठ्या अंड्यातून सुमारे अडीच सेंटिमीटरच्या कवचासह बाहेर पडते, आणि त्याच्या पूर्वजांची पिल्लेही आकाराने मोठीच होती. कवच गुंडाळलेले होते की सुटलेले, याचा त्या निवाड्याशी संबंध दिसत नाही.

त्यातही एक बारकावा आहे. डेन्मार्कच्या स्टेव्हन्स क्लिंट या समुद्रकड्यात महासंहाराची खूण असलेल्या चिकणमातीच्या पातळ पट्ट्याच्या वर चुनखडीचा एक थर आहे, आणि त्यातही अमोनाइट सापडतात. खालच्या जुन्या थरातून उकरले जाऊन ते वर मिसळले असावेत अशी आधी समजूत होती. मिखाऊ माखाल्स्की आणि क्लाउस हाइनबर्ग यांनी २००५ साली जे पुरावे मांडले, त्यांवरून हे प्राणी महासंहारानंतरही तेथे काही काळ जगत होते असे दिसते. ते दोन प्रकारचे आहेत: एक स्कॅफाइटिसच्या कुळातील, दुसरा सरळ कवचाचा बॅक्युलाइटिस.